गिरणी संप: खापर एकट्या डॉक्टरांवर का?

लालबागचा पोर: १८ जानेवारी, मुंबईच्या गिरणी संपाचा दिवस, आला की पालुपद सुरू, 'संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी गिरण्या बुडवल्या.' १९८२ साली अडीच लाख माणसं काय एकाच्या नादाने बाहेर पडली? माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. रोज गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत घरी. बदल्यांना कायम करा, ही मागणी पगारवाढीइतकीच मोठी होती. त्यात १९४६चा बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा. मालकांशी करार करायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. आमच्या चाळीत त्यांच्यावर कोणाचा विश्वास नव्हता, पण सही त्यांचीच!

हिशेबी: मागण्या रास्तच होत्या. पण कापडाला उठाव नसताना संप करून मालकाचं काय अडणार? त्याने भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतलं. सहा महिन्यांत हे कळायला हवं होतं. माघार कधी घ्यायची हे ज्याला कळत नाही, तो पुढारी कसला?

लालबागचा पोर: माघार घ्यायला समोर बोलणारं कोणी हवं ना! सरकार डॉक्टरांशी बोलायलाच तयार नव्हतं.

खानावळवाली: दोघांचंही ऐकतेय. माझी आई वीस गडी जेवू घालायची. संपात सगळे गावी गेले, उधारी वहीतच राहिली. तिची मागणी कुठल्या पत्रकात होती?

जुना नकाशा: संपाने गिरण्या अडचणीत आल्या हे खरं, पण जमिनीचं काय? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा, मालक. २००१ साली बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. गिरणीत मोकळी जागा असते कितीशी? हे पाप डॉक्टरांचं नाही, त्यांचा तर १९९७ सालीच खून झाला होता.

हिशेबी: जमिनीचं शंभर टक्के मान्य. पण ते नंतरचं. माझा प्रश्न तिथेच आहे. संप मागे घ्यायला अडवलं कोणी?

लालबागचा पोर: खरं सांगू? कामगारांनीच. सभेत कोणी 'आता पुरे' म्हणायला उठला की त्याला सदरा ओढून खाली बसवायचे. ओढणाऱ्यांत वडीलही होते. हे त्यांनी फार उशिरा सांगितलं.