कूल अँड द गँगचा 'लेडीज नाइट' (१९७९) : याला घसरण म्हणायचं का?

रविवारचा श्रोता

काल 'वाइल्ड अँड पीसफुल' आणि 'लेडीज नाइट' हे दोन्ही अल्बम एका बैठकीत ऐकले. पहिला १९७३चा, दुसरा १९७९चा. फंक म्हणजे बास-ड्रम्सच्या ठसठशीत ठेक्यावर चालणारं संगीत. फंकप्रेमी मित्रांत पहिल्याचं नाव काढलं की माना डोलतात. दुसऱ्याचं काढलं की 'ते काय, डिस्को' एवढ्यावर विषय संपतो. मला हे मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६४ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत काही पोरांनी 'जॅझियाक्स' नावाने सुरुवात केली. रॉबर्ट 'कूल' बेल बास गिटारवर, त्याचा भाऊ रोनाल्ड सॅक्सोफोनवर, जॉर्ज ब्राउन ड्रम्सवर. जीव जॅझमध्ये. १९७३मध्ये 'फंकी स्टफ', 'जंगल बूगी' आणि 'हॉलीवूड स्विंगिंग' ही तीन गाणी एकाच अल्बममधून आली आणि गाजली. मुख्य गायक असा कोणी नव्हताच. 'जंगल बूगी'तला तो घोगरा आवाज बँडचं सामान सांभाळणाऱ्या डॉन बॉइसचा आहे! पुढे डिस्कोची लाट आली. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या चित्रपटाच्या रेकॉर्डवर यांचं 'ओपन सेसमी' होतं, पण १९७८चा 'एव्हरीबडीज डान्सिंग' साफ पडला. मग जे. टी. टेलर हा गायक आला, ब्राझीलचा इउमीर देओदातो निर्माता म्हणून आला आणि 'लेडीज नाइट' झाला.

माझ्या मते या अल्बमवर अन्याय झालाय. शीर्षकगीत नुसतं बासकडे कान देऊन ऐका. सहा मिनिटांहून लांब गाणं आहे, आणि बास एकदाही ढिला पडत नाही. ट्रम्पेट-सॅक्स सतत वाजत नाहीत. टेलरची ओळ संपली की फटका मारतात आणि बाजूला होतात. ज्यांनी आयुष्यभर मोकळं वाजवलं त्यांनी इतकं कमी वाजवायला तयार व्हावं, यात मला हार दिसत नाही, समज दिसते. शेवटचं गाणं 'टू हॉट'. सतराव्या वर्षी प्रेमात पडलेली दोघं, लग्न, आणि मग विझत गेलेला संसार. नाचाचा म्हणून हिणवलेला अल्बम या गाण्यावर संपतो.

घामट फंक

असहमत, आणि अगदी मनापासून असहमत.

टेलर गोड गातो, त्याबद्दल वाद नाही. पण तो पुढे उभा राहिला आणि बाकीचे सगळे साथीदार झाले. १९७३च्या रेकॉर्डवर वाद्यंच एकमेकांशी बोलतात, मधेच कोणी हुंकारतं, कोणी ओरडतं, शिट्ट्या वाजतात. ऐकताना खोलीत किती माणसं आहेत ते कळतं. 'लेडीज नाइट'मध्ये ती खोलीच नाही. सगळं घासूनपुसून लख्ख केलंय.

१९७४चं 'समर मॅडनेस' घ्या. शब्द नाहीत. सिंथेसायझरचा एक स्वर वर वर चढत जातो आणि उन्हाळ्यातली टळटळीत दुपार डोळ्यांसमोर उभी राहते. असं एक तरी वळण 'लेडीज नाइट'च्या सहा गाण्यांत दाखवा. 'टू हॉट' मलाही आवडतं, पण ते दुसऱ्या कुठल्याही चांगल्या बँडचं असू शकलं असतं. 'समर मॅडनेस' फक्त यांचंच.

नेवार्क अ‍ॅव्हेन्यू

मी जर्सी सिटीत राहतो. आपल्याकडच्या किराणा दुकानांनी भरलेल्या ज्या रस्त्यावरून रोज जातो, त्याच शहरात ही पोरं वाढली, याचा मला अभिमान आहे.

एक मुद्दा राहून जातोय. १९७३चा अल्बम तरी 'निर्मळ' होता का? तेव्हा कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मानू दिबांगोचं 'सोल मकोसा' हे गाणं क्लबांमध्ये धुमाकूळ घालत होतं आणि रेकॉर्ड कंपनीने यांना तसलंच काहीतरी करायला सांगितलं होतं. त्या दडपणाखालीच 'जंगल बूगी' आणि बाकीची दोन गाणी जन्माला आली. म्हणजे नाचणाऱ्या लोकांवर आणि खपावर डोळा तेव्हाही होताच. मग १९७९लाच नावं का ठेवायची?

घामट फंक

@नेवार्क अ‍ॅव्हेन्यू, उलट हा किस्सा माझ्या बाजूचा आहे. कंपनी म्हणाली दुसऱ्यासारखं करा, आणि यांनी ते बाजूला ठेवून स्वतःचं केलं. १९७९मध्ये कंपनी, बाजार, क्लब सगळे म्हणाले दुसऱ्यांसारखं करा, आणि यांनी केलं. फरक तिथेच आहे.

म्हापशाचा ट्रम्पेट

मी गोव्यात लग्नांमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वीसेक वर्षं झाली. 'सेलिब्रेशन' न वाजवता परतलोय असं लग्न आठवत नाही. ते गाणं सुचलं तेही 'लेडीज नाइट'च्या शेवटाकडे येणाऱ्या एका ओळीवरून, म्हणजे मूळ याच अल्बममध्ये आहे.

वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. लांब सोलो घेताना चूक झाली तर पुढच्या स्वरात जिरवता येते. पण दोन-तीन स्वरांचा फटका तिघांनी मिळून मारायचा असेल तर पळवाट नाही. श्वास एकाच वेळी घ्यावा लागतो, जीभ एकाच वेळी उचलावी लागते आणि स्वर एकाच वेळी तोडावा लागतो. सुरुवात सगळ्यांना जमते. तोडणं जमत नाही. एकाचा स्वर जरा लांबला की फटका फाटतो आणि नाचणाऱ्यांचे पाय लगेच ओळखतात. आम्ही 'लेडीज नाइट' बसवलं तेव्हा पहिले तीन-चार दिवस तालमीत फक्त तोडायचा सराव केला. बँडमधल्या स्पाइक मिकन्सचा ट्रम्पेट आणि डेनिस थॉमसचा सॅक्स तिथे एकाच माणसाने फुंकल्यासारखे ऐकू येतात. दहा-पंधरा वर्षं एकत्र घालवल्याशिवाय हे होत नाही. 'दुसऱ्या कुठल्याही बँडचं' म्हणू नका, भाऊ.

शेवंता_७९

शीर्षकाचं पण बोला कोणीतरी. न्यू यॉर्कच्या क्लबांत ठरावीक रात्री बायकांसाठी राखलेल्या असत, तिथून रॉबर्ट बेलला हे नाव सुचलं. १९९७मध्ये रॅपर लिल किमने हेच गाणं घेऊन चार बायकांना सोबत बोलावलं: मिसी एलियट, दा ब्रॅट, लेफ्ट आय आणि अँजी मार्टिनेझ. एका गाण्यात पाच जणी. गुळगुळीत आणि पोकळ गाण्यावर हे उभं राहिलं असतं का?

आणि 'डिस्को' ही शिवी वापरताना तारीख बघा. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या विरोधात डिस्को रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला, हजारो लोक मैदानात घुसले. हे संगीत ज्यांनी घडवलं ते बरेचसे काळे कलाकार होते. त्यानंतर काही आठवड्यांतच हा अल्बम आला, आणि शीर्षकगीत आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मला यात हिंमत दिसते.

कॅसेटवाला

'टू हॉट'साठी +१. बाकीचं चालू द्या.

घामट फंक

@म्हापशाचा ट्रम्पेट, 'कुठल्याही बँडचं' हे मी 'टू हॉट'बद्दल म्हटलं होतं, तरी शब्द मागे घेतो. तोडण्याचा मुद्दा कधी लक्षातच आला नव्हता. आत्ता परत लावून ऐकलं, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

@शेवंता, शिकागोचं मान्य. मी डिस्कोला शिवी देत नाहीये, मलाही नाचायला आवडतं. पण मूळ तक्रार तशीच आहे. १९८३चं 'जोॲना' आणि पुढच्या वर्षीचं 'चेरिश' ऐका. तिथे तर तो फटकाही उरला नाही. दार 'लेडीज नाइट'ने उघडलं.

रविवारचा श्रोता

'चेरिश'चं ओझं या अल्बमच्या डोक्यावर देऊ नका. देओदातो १९८२पर्यंतच बरोबर होता, पुढचं वळण त्याच्यानंतरचं.

'समर मॅडनेस'सारखं एक तरी वळण दाखवा म्हणालात. तसं नाही दाखवता येणार, कबूल. पण रेकॉर्डची दुसरी बाजू लावा. 'हँगिन आउट', 'टुनाइट्स द नाइट', मग 'टू हॉट'. दोन गाणी घाम काढतात आणि तिसऱ्याला दिवे मंद होतात. हा क्रम लावणाऱ्यांनी रात्री उशिरापर्यंत लोकांना नाचवलेलं होतं, कोणत्या क्षणी त्यांना बसू द्यायचं ते त्यांना कळत होतं. मधलं गाणं उडवून न ऐकता सलग ऐका, आणि मग लिहा.