मदत हवी आहे: पाय वळवळतात, झोप नाही, मन खचलंय

मंडळी, खानापूर भागातल्या पेशंटसाठी विचारतोय. रेस्टलेस लेग्ज आहे: रात्री आडवं झालं की पाय वळवळतात, उठून चाललं की थांबतात. जागरणाने चिडचिड, उदासी. त्यावर मिर्टाझापिन (उदासीवरचं औषध) सुरू झालं आणि पाय जास्तच बिघडले. या औषधाने असं होऊ शकतं! अमिट्रिप्टिलिन या उदासीवरच्याच दुसऱ्या औषधानेही होऊ शकतं. बुप्रोपिऑन या तिसऱ्याने सहसा नाही. हिमोग्लोबिन ठीक, पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) २८. या आजारात ७५ पर्यंत असलं तरी लोह देतात. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, हेच घरात पटत नाही.

बेळगाव किंवा निपाणीत झोप आणि मन दोन्ही एकत्र बघणारे, मराठीत बोलणारे न्यूरोलॉजिस्ट वा मानसोपचारतज्ज्ञ कोण? गोळी सोसली नाही तर शिरेतून लोह कुठे देतात? तोवर मिर्टाझापिन परस्पर बंद करणार नाही.