दोष टीव्हीचा नाही, डिस्कचा

ग्लॅडिएटर सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कवर चेहरे मेणाचे दिसतात तो टीव्हीच्या सेटिंगचा दोष, असं या चर्चेत कोणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारं टीव्हीचं सेटिंग) बंद कराच, पण २००९ ची पहिली ब्लू-रे मुळातच गंडलेली होती, जुना मास्टर (डिस्कसाठी वापरलेली सिनेमाची मूळ डिजिटल प्रत) घेऊन ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, काढायच्या नादात इतकं घासलं की सुरुवातीच्या जर्मेनियाच्या लढाईतले काही पेटते बाणच उडता उडता गायब! गंमत म्हणजे एक्स्टेंडेड, म्हणजे लांबवलेल्या आवृत्तीतले जादाचे सीन फिल्मच्या नव्या स्कॅनवरचे, त्यामुळे तेवढेच झकास दिसतात आणि जोड लगेच कळतो. २०१० ला सुधारित डिस्क आली आणि २०१८ ला ४के (जास्त बारकावे दाखवणारी) डिस्क, त्यामुळे सेकंडहँड घेणार असाल तर कुठली आहे ते आधी विचारून घ्या.

आणि एक्स्टेंडेड म्हणजेच खरा डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाला हवी तशी आवृत्ती), हे तर अजिबात नाही. दिग्दर्शक रिडली स्कॉट स्वतःच एक्स्टेंडेडच्या प्रस्तावनेत सांगतो की त्याचा कट थिएटरवालाच. तरी सिनेमातला खलनायक सम्राट कॉमोडस बापाच्या पुतळ्यावर तलवारीने सपासप वार करतो आणि मग त्यालाच मिठी मारतो, तो सीन थिएटरवाल्या कटमधून कापायला नको होता राव.