योहान 4:34 – आज्ञापालन हे 'अन्न' कसं?

द्राक्षवेल:
सर्वांना जय ख्रिस्त. तरुणसंघाच्या बायबल अभ्यासाला योहान 4:34 घ्यायचं आहे: 'ज्याने मला पाठवलं त्याच्या इच्छेप्रमाणे करणं आणि त्याचं काम सिद्धीस नेणं हेच माझं अन्न'. वचन वाचल्याने, प्रार्थनेने आत्म्याचं पोषण होतं हे मुलांना पाठ आहे. पण देवाची इच्छा पाळायची तर उलट शक्ती खर्च होते, मग येशू तिला अन्न का म्हणतो? आणि आठवडाभर करायला त्यांना नेमकं काय देऊ?

ग्रीक_वही:
आधी प्रसंग बघा. येशू चालून दमलाय, सूखारजवळ याकोबाच्या झऱ्यावर बसलाय, शिष्य खायला आणायला गावात गेलेत. म्हणजे भूक खरीच आहे. ते परततात तेव्हा शोमरोनी स्त्रीशी बोलणं उरकतंय. ती घागर तिथंच ठेवून गावात जाते. 'जेवा' म्हटल्यावर हे उत्तर येतं. त्याला तरतरी आणली ती नुकत्याच झालेल्या त्या संभाषणाने.

वचनात 'करणं' आणि 'सिद्धीस नेणं' अशी दोन क्रियापदं आहेत. दुसरं 17:4 मध्येही येतं: 'तू दिलेलं काम पुरं केलं'. अभ्यासात दुसरंच हमखास गळतं. अर्धवट सोडलेली आज्ञा पोटात जात नाही, नुसती टोचत राहते.

एक_ओमर:
रोज किती द्यायचं याचं माप निर्गम 16 मधून घ्या. मान्ना (रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न) माणशी एक ओमर, साधारण 2 लिटर, आणि रोज ताजा. सकाळपर्यंत ठेवला की किडे (शब्बाथासाठीचा साठा तेवढा टिकला). तसंच इथे: सकाळी 10 मिनिटं, 8-10 वचनं, त्यातली एकच आज्ञा. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: कोणासाठी, काय, कधीपर्यंत. मत्तय 5:23-24 (अर्पणाआधी भावाशी समेट कर) वाचून 'मी समेट करीन' लिहिलं तर काही होत नाही. 'आज सातच्या आत भावाला फोन' लिहिलं तर होतं. रात्री 5 मिनिटं: आभार, झालं का, नसेल तर कुठे अडलं.

एकदम पाच आज्ञा देऊ नका, गुरुवारपर्यंत नुसता अपराधीपणा उरतो. चिठ्ठ्या सभेत वाचायलाही लावू नका. मत्तय 6 चा पहिला परिच्छेद (धर्माचरण लोकांना दाखवायला करू नका) त्यासाठीच आहे.

रोतेमचं_झाड:
दोन गोष्टी घाला. इफिस 2:8-10 चा क्रम: आधी कृपा, मग सत्कृत्यं. तो उलटला की आज्ञापालन म्हणजे हप्ते फेडणं होतं, आणि हप्ते फेडून कोणाचं पोट भरलंय? दुसरं, 1 राजे 19. एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला नवं काम सांगत नाही; भाकर, पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. थकलेल्या मुलाला 4:34 ऐकवू नका, आधी जेवायला बसवा. आणि 'देवाची इच्छा' म्हणजे पाळकसाहेबांची किंवा संघप्रमुखाची इच्छा नव्हे. प्रेषितांची कृत्ये 5:29 (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे) त्याच दिवशी वाचा.

द्राक्षवेल:
आभार. पहिल्या आठवड्याला मत्तय 5:23-24 च घेते. भावाच्या जागी हॉस्टेलचा रूममेट चालेल ना?

एक_ओमर:
चालेल. तिथे फोनसुद्धा लागणार नाही.