तोच डबा, तीच माती, मग रेडियम वाढलं कसं?

प्रश्न
मातीतलं रेडियम-226 मोजतेय. माती वाळवली, चाळली, डब्यात भरून झाकणाला टेप लावली आणि त्याच दिवशी जर्मेनियम डिटेक्टरवर (गॅमा किरण मोजणारं यंत्र) ठेवली, 609 केईव्हीचा (किरणांच्या ऊर्जेचं एकक) पीक, म्हणजे आलेखातला सुळका, आला. तोच डबा न उघडता तीन आठवड्यांनी परत लावला तर पीक चांगलाच वाढलेला! पोटॅशियम-40 चा 1460 मात्र जिथल्या तिथे. डिटेक्टर बिघडलाय का? पुढे दात आणि हाडं मोजायचीयेत म्हणून जीव टांगणीला लागलाय.

उत्तर
डिटेक्टर ठणठणीत आहे, 1460 हलला नाही हाच पुरावा. 609 रेडियमचा नाहीच मुळी, तो बिस्मथ-214 चा, आणि रेडियमचा क्षय होत होत बिस्मथ बनतं, त्या वाटेत रेडॉन-222 लागतो, तो वायू. चाळताना तुझा बराच रेडॉन उडून गेला, मग बंद डब्यात हळूहळू परत साठला. त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) 3.8 दिवस, म्हणून चार आठवडे थांबायचं. टेपवर विसंबू नको, घट्ट झाकणाचा डबा घे आणि काठोकाठ भर, वर पोकळी राहिली की रेडॉन तिथे जमतो. रिकामा डबापण डिटेक्टरवर मातीइतकाच वेळ मोज, म्हणजे आजूबाजूचे किरण वजा करता येतील.

प्रश्नकर्ती
पण रेडियमचा स्वतःचा 186 आहे ना, तो घेतला तर थांबायला नको?

उत्तर
तिथे युरेनियम-235 चा 185.7 बोकांडी बसलेला असतो, वेगळे दिसतच नाहीत. थांबच.

दुसरं उत्तर
दातांचं सांगते. दात जेमतेम एक-दोन ग्रॅमचा, त्यात गॅमाने काही हाती लागणं अवघड. आम्ही रेडियमच्याच साखळीत पुढे येणाऱ्या पोलोनियम-210 चे अल्फा कण मोजतो, दात आम्लात विरघळवून चांदीच्या चकतीवर पोलोनियम चढवायचं. भट्टीत जाळून राख मात्र करू नकोस, पोलोनियम उडून जातं! इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, एकदा तयार झालं की बदलत नाही, हाड आयुष्यभर झिजतं-भरतं, तेव्हा दोन्ही एकत्र कुटू नकोस गं, सगळी माहिती मातीत जाते. आणि दात काढल्याची तारीख हवीच, कारण पोलोनियमचं अर्धायुष्य 138 दिवस, ते दातातल्या शिसं-210 पासून नंतरही बनत राहतं.

प्रश्नकर्ती
अरे देवा, पुड्यांवर फक्त वय आणि दाढ की सुळा एवढंच लिहिलंय. ज्यांनी दिले त्यांना आजच फोन करते. मातीचे डबे सोमवारी नव्याने भरते, मग 28 दिवस हात लावणार नाही.