लेखकाला शाळेत बोलवायचं की त्या पैशात पुस्तकं घ्यायची?

गडाखालचा:
आमच्या बेळगावाकडच्या गावातल्या सरकारी मराठी शाळेला यात्रा कमिटीनं उरलेले बारा हजार दिलेत, आणि त्यावरनं एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, मीटिंगमधे दोन तट पडलेत. हेडबाई म्हणतात पुण्याकोल्हापूरकडचा एखादा बालसाहित्यिक बोलवू, तिसरी ते पाचवीच्या पोरांची लेखन कार्यशाळा घेऊ. माझं म्हणणं नको. लेखक आला म्हणजे काय होतंय ते आपल्याला पाठ आहे की, स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचं पाऊण तास भाषण, पोरं उन्हात मांडी घालून, आणि पाहुण्याच्या वाट्याला शेवटची वीस मिनिटं कारण त्याची गाडी चुकतेय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, त्यात पोरांची नुसती डोकी. त्यापेक्षा नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम, ज्योत्स्ना या प्रकाशकांची चित्रांची पातळ पुस्तकं घेतली तर दीडशेच्या वर येतील. बोला.

मलप्रभाकाठची:
पुस्तकं येतील हो, पण जाणार कुठं? कपाटात. मी खानापूर भागात शिकवते. पुस्तक रजिस्टरला चढलं की हरवल्यावर जबाब द्यायचा बाईंनी, म्हणून कपाटाला कुलूप आणि चावी ऑफिसात. तुमची दीडशे पण तिथंच जाऊन बसतील बघा.
आमच्याकडं एकदा एक लेखिका आलेल्या, त्यांनी आधीच कळवलं होतं की स्टेज नको, माईक नको, पंचवीसच्या वर पोरं नकोत. व्हरांड्यात खाली बसल्या. म्हणाल्या, घरातल्या दोन वस्तूंचं भांडण लावा. चौथीतल्या एका पोरीनं मिक्सर आणि पाट्याचं लावलं. मिक्सर म्हणतो मी एका मिनिटात चटणी करतो, पाटा म्हणतो लाईट गेल्यावर काय करतोस ते सांग, मिक्सर गप्प. मग पाटा म्हणतो, आजी गेल्यापासून मला पण कोण धूत नाही. हीच पोरगी वर्षभर निबंधात "मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे" च्या पुढं गेली नव्हती, कारण आम्ही फळ्यावर लिहून देतो तेच ती उतरवते. हे मला वर्गात जमलं नाही, त्यांना दीड तासात जमलं.

जुना_गुरुजी:
बाई, एका पोरीचं झालं, बाकीच्या चोवीस जणांचं काय? मी तीस वर्षं हेच केलंय. नली-कलीत, म्हणजे कर्नाटकातल्या खेळत शिकायच्या पद्धतीत, पहिली ते तिसरी एकाच खोलीत गटागटानं बसतात, मास्तर एकटा. तिसरीतल्या निम्म्या पोरांना जोडाक्षर धड येत नाही, वर दुसरी भाषा कन्नड आहेच. त्यांना गोष्ट लिही म्हणणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. आधी शुद्धलेखन, आधी वाचन, मग कार्यशाळा बिर्यशाळा. या बाबतीत मी गडाखालच्यांच्या बाजूनं.

मलप्रभाकाठची:
गुरुजी, लिहायला येत नसेल तर बोलू दे की. त्या लेखिकाबाईंनी तेच केलं, ज्याला लिहिता येईना त्यानं सांगायचं आणि त्या फळ्यावर त्याच्याच शब्दात लिहायच्या, "म्हस" तर म्हस. पोरगं आपलं वाक्य फळ्यावर बघून तीनतीनदा वाचत होतं. लाल पेन नंतर काढा, पहिल्याच ओळीला काढला की पोरगं पुढं लिहीतच नाही. प्रतिभा कारंजीत, म्हणजे शाळांच्या कलागुण स्पर्धेत, पोरं गोष्टी सांगतात त्या बघितल्यात ना, पाठ करून हातवाऱ्यासकट ओकतात.

कॅम्पातली_आई:
मला कळत नाही पुण्याहूनच कशाला माणूस हवा? कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना दरवर्षी साहित्यिक येतातच, त्यांनाच आदल्या दिवशी शाळेत न्या, प्रवासखर्च वाचला. आणि इंदिरा संत बेळगावातच राहिल्या, गवतफुलाची कविता पोरं म्हणतात पण ती लिहिणारी आपल्याच गावात होती हे माझ्या पोराला माहीत नव्हतं. लेखक म्हणजे हार घातलेला फोटो असंच त्यांना वाटतंय.

गडाखालचा:
संमेलनाचा पाहुणा नको ताई. मोठ्यांसमोर टाळ्या घेणारा कवी तिसरीच्या पोरांसमोर दहा मिनिटांत उघडा पडतो, मग सुरू होतं "मुलांनो मोबाईल सोडा, वाचाल तर वाचाल". पोरांसाठी लिहिणं वेगळं आणि पोरांत बसणं त्याहून वेगळं.

नाक्यावरचा:
मराठी शाळा टिकतात का नाही ते बघा आधी, कसले लेखक नि काय, सरकारनं...

कॅम्पातली_आई:
हे दुसऱ्या धाग्यावर गा. इथं बारा हजाराचं चाललंय.

निपाणी_रोड:
मी म्हणतो कन्नडमधे पोरांसाठी लिहिणारा पण एखादा बोलवा. आमची पोरं शाळेत कन्नड शिकतातच, ते नुसतं मार्कापुरतं राहतंय. धारवाडहून यायला कितीसा वेळ लागतो. आणि पुस्तकांसाठी पैसेच लागतात असं नाही, किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, शाळेत प्रोजेक्टर नाहीतर एखाद्या मास्तरचा मोबाईल असतोच.

गडाखालचा:
मलप्रभाकाठच्या बाईंचं वाचून एवढं म्हणतो, आठ हजाराची पुस्तकं, त्यात जो कोणी येणार त्याची पण चार असावीत आणि ती पोरांना तीन आठवडे आधी वाचून दाखवावीत, म्हणजे पोरं त्याला "तुमचं वय काय" सोडून दुसरं काहीतरी विचारतील. चावी पाचवीच्या दोन पोरांकडं, हरवलं तर एसडीएमसी भरेल, तसा ठराव लिहूनच घेऊ. राहिलेले चार हजार पाहुण्याच्या येण्याजाण्याला. मानधन काय देता येणार नाही, समाजकार्य म्हणून येतील कोणीतरी.

जुना_गुरुजी:
चावी पोरांकडं? तीन महिन्यांत निम्मी पुस्तकं गायब. माझा विरोध लिहून ठेवा.

मलप्रभाकाठची:
गायब म्हणजे कुणाच्या तरी घरात असतील गुरुजी, गेली तर जाऊ देत. माझं भांडण मानधनावर आहे. यात्रेत मंडपवाल्याला, डॉल्बीवाल्याला म्हणालात का समाजकार्य म्हणून या? दीड तास तीसेक पोरांना सांभाळायचं, घसा बसतो, आणि त्याआधी घरी बसून तयारी केलेली असते ती वेगळीच. दोन हजार तरी पाकिटात घाला, शाल नको, पुस्तकं सहा हजाराची घ्या. आणि शनिवारी सकाळची शाळा धरू नका, अकरा वाजता पोरांचं सगळं लक्ष घंटेकडं असतंय.