सोमवारच्या पेपरातली सायकल (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

आहेर (ए-402): शुभ सकाळ मंडळी 🙏 आजच्या पेपरात शहर पान बघा. नाशिककरांना सायकलचं वेड लागलंय म्हणे! फोटोत डावीकडून तिसरा मी. हेल्मेटमुळे ओळखू येत नाही.

पगार (चेअरमन): अभिनंदन आहेर साहेब! मिसळ कुठे खाल्ली ते नाही छापलं? 😄

आहेर: गंगापूर धरणापर्यंत गेलो, येताना मिसळ झालीच. बरं, ओळखीचा एक पत्रकार आहे, त्याला 'सायकलवाली सोसायटी' अशी बातमी करायचीय. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी सायकली घेऊन गेटवर यावं. टी-शर्ट शक्यतो एका रंगाचे.

सोनवणे वहिनी (सी-104): आमच्या ह्यांची लॉकडाऊनमध्ये घेतलेली गिअरची आहे. दोन्ही टायर बसलेत, सध्या हँडलवर पायपुसणी वाळतात. फोटोपुरती चालेल का?

आहेर: हवा भरून आणा वहिनी, पळेल.

निकम काका (बी-201): आहेर, आधी मनापासून कौतुक. पण मी पेपरात डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून पान लावतात तिथे, बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. रविवारी महापालिका बंद, कलेक्टर कचेरी बंद, कोर्ट बंद. मग सोमवारचं शहर पान भरायचं कशानं? रक्तदान शिबिर, सत्कार आणि रॅली. त्यात सायकल रॅली म्हणजे डेस्कला लॉटरीच. सकाळचा उजेड, रंगीत कपडे, हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे, वर फोटो आणि मजकूर आयोजकच व्हॉट्सॲपवर धाडतात. आमचं काम 'मोठ्या उत्साहात' हे दोन शब्द आहेत की नाहीत, एवढं बघायचं. 3 जूनचा जागतिक सायकल दिन 2018 साली संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केला, तेव्हापासून ती आणखी एक हक्काची जागा झाली.

निकम काका: सायकल पेपरात दुसरीकडे कुठे येते सांगू? अपघाताच्या बातमीत. अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार. चार ओळी. पोलीस ठाण्यातून तेवढंच आलेलं असतं. माणूस कामावर चालला होता की घरी येत होता, रस्त्यावरचे दिवे चालू होते का, गाडी किती वेगात होती, यातलं काही नाही.

आहेर: काका, मग चांगलं छापूच नये का? 2015 ला आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी दोघांच्या संघात 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. जवळपास 4,800 किलोमीटर, आणि भारतीय म्हणून पहिलेच. ते पेपरात वाचून मी सायकल घेतली. नाहीतर आजही लिफ्ट ते पार्किंग एवढंच चालत असतो.

निकम काका: ती बातमी पहिल्या पानाचीच होती, वाद नाही. पंढरपूरची सायकल वारीही छापावीच. माझं म्हणणं वेगळं आहे. सकाळी साडेसहाला त्र्यंबक रोडला उभे राहा. सातच्या फर्स्ट शिफ्टला सातपूरकडे जाणारे लोक दिसतील, कॅरिअरला डबा बांधलेला, स्वेटरवर शर्ट. रोज जातात, पावसातही जातात. त्यांना सायकलचं 'वेड' लागलंय असं कोणी लिहिलेलं वाचलंय का? हा पेपर तुमच्या दारात टाकणारा पोरगाही सायकलवरच आला होता.

पूजा देशमुख (डी-503): काकांना +1. थोडे आकडे टाकते. 2011 च्या जनगणनेत कामावर कशाने जाता हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांत साधारण 13 टक्के, म्हणजे 2 कोटी 60 लाखांच्या आसपास लोक सायकलने जात होते. चारचाकीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि ही लाट वगैरे? घरात सायकल असलेली कुटुंबं 2001 ला 43.7 टक्के, 2011 ला 44.8. दहा वर्षांत जेमतेम एक टक्का. त्याच काळात दुचाकीवाली कुटुंबं 11.7 वरून 21 टक्क्यांवर गेली.

भामरे (ए-103): म्हणजे पेपरवाले खोटं बोलतात?

पूजा देशमुख: खोटं नाही हो. आपल्यासारखे लोक सायकलवर बसायला लागले, एवढंच त्यांना दिसलं. आधीपासून बसलेले मोजलेच नाहीत. मग बातमी फिटनेसची होते, रस्त्याची होत नाही. स्मार्ट रोडला त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ 1.1 किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे. तिथे दुचाकी उभ्या असतात तेव्हा त्याचा फोटो कोण पाठवणार? कामगाराचा काही पीआरओ नसतो.

भामरे: ट्रॅक सोडा, सध्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ताच दिसत नाही 😂

स्वाती क्षेमकल्याणी (सी-302): विषय निघालाच आहे तर विचारते. आपल्या गेटवर बोर्ड आहे, बाहेरच्यांनी सायकली आत लावू नयेत. आमच्या मावशी मखमलाबादहून सायकलने येतात, चार घरं करतात, आणि सायकल कंपाउंडबाहेर नाल्याकडेला लावतात. पावसाळ्यात सीट चोरीला गेलं. 'सायकलवाली सोसायटी' छापून आल्यावर हा बोर्ड फोटोत येऊ देऊ नका म्हणजे झालं.

पगार: ताई, बोर्ड मागच्या कमिटीचा आहे.

स्वाती क्षेमकल्याणी: कुलूप आत्ताच्या कमिटीचं आहे ना 🙂

आहेर: ठीक आहे भो, पटलं. मग फोटोत वॉचमन दादा आणि मावशींनाही घेऊ. पुढच्या रांगेत.

निकम काका: घ्या, पण आधी त्यांना विचारा. मी आत्ता दूध आणायला खाली गेलो होतो, तेव्हा विचारून आलो. तुम्ही वॉचमन दादांची सायकल नीट बघितलीय का? बावीस इंची काळी, सीटला प्लास्टिकची पिशवी, मडगार्ड तारेने बांधलेलं, आणि मागे रिफ्लेक्टर म्हणून जुनी सीडी लावलीय. रात्रपाळीला पाथर्डी फाट्याकडून येतात, तिथे ट्रक अंगावरून जातात म्हणून. फोटोचं म्हटलं तर हसले. म्हणाले, साहेब, पोराने हप्त्यावर गाडी घेतलीय, त्या गाडीवर बसून काढा की. सायकलवर काय काढायचा.

सोनवणे वहिनी: 😅 खरं आहे. आमच्याकडच्या ताई पण स्कूटीसाठी पैसे साठवतायत.

पूजा देशमुख: हेच तर लिहिलं पाहिजे कोणीतरी. ज्याला परवडतं तो मोटार सोडून सायकलवर बसला की बातमी. ज्याला परवडत नाही तो सायकल सोडायची वाट बघतोय, कारण रस्ता त्याला जगू देत नाही. सप्टेंबर 2025 ला सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, चांगलंच आहे. पण वॉचमन दादांना स्वस्त सायकल नकोय, उजेड हवाय.

भामरे: पूजा, हे सगळं त्या पत्रकाराला सांगितलं तर तो येईल का?

निकम काका: रविवारी नाही येणार. सोमवारी सकाळी साडेसहाला बोलवा, आला तर चांगला पत्रकार. पानावर जागा मिळेल न मिळेल, ती डेस्कची मर्जी.

आहेर: विचारतो त्याला. साडेसहाला तो उठत असेल असं वाटत नाही. पण तोपर्यंत टी-शर्टचे मेजरमेंट पाठवून ठेवा.

पगार: सायकल स्टँडचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो. जनरेटरशेजारी पत्र्याखाली जागा आहे, तिथे सध्या भामऱ्यांचा जुना सोफा पडलाय. भामरे साहेब, शनिवारपर्यंत हलवा. आणि सी विंगला आज दुपारी 2 ते 4 पाणी नाही, टाकी धुणार आहेत.